सारखं काय ते सांग

३ फेब्रुवारी

चिरंजीव फूटपट्टी,

आशीर्वाद आहेतच. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस. मी घरभरचं सांगते आणि पलीकडून हं. परवा मध्येच लाइन तुटली, तरी मला कळलं नाही. वाटलं, ऐकतेय. कागदावर निदान नुसतं हं लिहून पाठवायची तुला लाज वाटेल.

बातमी अशी की तुझी आत्या या वयात शाळेत जायला लागली आहे. डेपोत कंट्रोलरची जागा निघणार आहे. खुर्चीत बसायचं, कुठली बस कुठे अडकली ते वायरलेसवर सांगायचं आणि संध्याकाळी इंग्रजीत अहवाल लिहायचा. मॅनेजर म्हणाले, ड्रायव्हर, मेकॅनिक, कुणीही या, शिकवणी फुकट. मी परीक्षा देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. हातातलं स्टिअरिंग सोडून खुर्चीत बसून काय अंडी उबवू? पण फुकट आहे, कँटीनमध्येच आहे आणि ड्युटी संपल्यावर घरी जाऊन तरी कुणाशी बोलायचं? तुझे काका टीव्हीशी बोलतात.

शिकवणाऱ्या बाई रिटायर्ड आहेत, पण छडी अजून आवाजात आहे. आठवड्याला एकच शब्द देतात. या आठवड्याचा सिमिलर्ली. दोन गोष्टी सारख्या असल्या की दुसरीच्या सुरुवातीला तो लावायचा. आधी वाक्यं आपल्या भाषेत जुळवायची, तो एवढा शब्द इंग्रजी ठेवायचा आणि मग बाकीच्याचं इंग्रजी करायचं. आणि अट अशी की मनची वाक्यं चालणार नाहीत, घडलेलंच लिहायचं. माझी बघ:

माझा नवरा जेवताना बोलत नाही. सिमिलर्ली, आमचा फ्रिज.

आमचे मॅनेजर सकाळीच तापतात. सिमिलर्ली, तीन नंबरच्या बसचं इंजिन.

तपासून पाठव. लाल शाईने तपासलंस तरी चालेल, मी रडणार नाही.

आत्या


११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

दुसरं वाक्य बरोबर आहे. पहिलं चूक. तुमचा फ्रिज रात्रभर गुरगुरतो, हे तूच मागे सांगितलं होतंस. काका गुरगुरत असतील तर वाक्य चालेल.

नियम सोपा आहे. दोन्हींत सारखं काय, ते एका शब्दात सांगता आलं पाहिजे. मॅनेजर आणि इंजिन यांत सारखं ते तापणं. असा शब्द सापडला नाही तर सिमिलर्ली काढून टाकायचा. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून सारख्या होत नाहीत.

मला स्वतःला हा शब्द आवडत नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या अहवालात तो लिहायला बंदी आहे. आमच्याकडे गेज तपासायला येतात. गेज म्हणजे बॉयलरवर किंवा गॅसच्या टाकीवर दाब दाखवणारी काट्याची तबकडी. एका पेटीतून दोन आली, एकाच दिवशी बनलेली असली, तरी पहिलं बरोबर निघालं म्हणून दुसऱ्यावर शिक्का मारता येत नाही. दुसरंही बाकावर लावायचं, त्याच्यावरही दाब चढवायचा, काटा बघायचा. पूर्वी एकाने कंटाळून दुसऱ्या गेजच्या रकान्यात "सिमिलर्ली" लिहून टाकलं होतं. तेव्हापासून बंदी.

मी बरी आहे. फोनवर हं म्हणते तेव्हा ऐकतच असते.

भाची


२० फेब्रुवारी

फूटपट्टी,

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, ही मुलगी मास्तरीण व्हायला हवी होती. मी म्हटलं, बाई, ती जन्मली तेव्हाच झाली होती. चौथीत असताना माझ्या चपात्या गोल नाहीत म्हणून कर्कटक घेऊन आली होती!

शब्द अजून तोच आहे, कारण आमच्यातल्या मेकॅनिकने सगळ्या वाक्यांत बायकोची आणि सासूची तुलना केली. बाईंनी पुन्हा सगळ्यांना गृहपाठ दिला. ही माझी या आठवड्याची, सगळी घडलेली:

सोमवारी माझा धक्का लागून चहाचा कप पडला. सिमिलर्ली, गुरुवारी पाण्याचा तांब्या.

डेपोच्या फाटकातून निघताना बसचा आरसा खांबाला घासला. सिमिलर्ली, पेट्रोल पंपावर.

शेजारीण म्हणते, मी जिन्यात तिला बघून न बघितल्यासारखं केलं. सिमिलर्ली, डेपोचा वॉचमनही रुसलाय.

सारखं काय ते विचारशील म्हणून आधीच लिहिते. पहिल्या दोन्हींत धांदरटपणा. तिसऱ्यात लोकांचा फुकटचा मानापमान. आरशाचे पैसे डेपोने कापले नाहीत, नुसतं बोलले. इतकी वर्षं गाडीला ओरखडा नाही आणि आता हे. वय होतंय, दुसरं काय. तरी नजर अजून पक्की आहे हो. पुढच्या बसची पाटी मी सिग्नलवरून वाचते. चष्म्याच्या दुकानातला तक्ता तर शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा म्हणून दाखवला.

आत्या


२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तिन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण "धांदरटपणा" हा शब्द ढोबळ आहे. वाक्यं अधिक नेमकी करता येतील. त्यासाठी हे कळव:

कप तुझ्या कुठल्या बाजूला होता? तांब्या? आरसा कुठल्या बाजूचा, आणि दोन्ही वेळा तोच का? शेजारीण जिन्यात कुठून आली? वॉचमनची खुर्ची फाटकाच्या कुठल्या अंगाला असते?

आठवत नसेल तर अंदाजाने लिहू नकोस. आठवत नाही असंच लिही.

भाची


८ मार्च

फूटपट्टी गं,

तू म्हणजे धन्य आहेस. काका म्हणाले, ही पोरगी पोलिसात का गेली नाही?

तरी सगळं आठवून लिहिलंय, कारण बाईंनाही तुझी कल्पना आवडली. कप डावीकडे. तांब्या डावीकडे, कारण उजवीकडे भिंतच आहे. आरसा डावा, दोन्ही वेळा. शेजारीण खालून येत होती आणि मी वरून उतरत होते, म्हणजे कठडा उजवीकडे, म्हणजे ती डावीकडून गेली. वॉचमनची खुर्ची बाहेर पडताना डाव्या हाताला. अय्या, सगळंच डावीकडे की! माझी डावी बाजूच रुसलीय म्हणायची.

मग वाक्य असं लिहिलं: सोमवारी डावीकडचा कप पडला, सिमिलर्ली, गुरुवारी डावीकडचा तांब्या. बाईंनी वहीत "उत्तम" लिहिलं. आता झालं ना नेमकं?

आत्या


१२ मार्च

प्रिय आत्या,

हे व्याकरणासाठी विचारलं नव्हतं. तसं भासवलं, कारण खात्री नसताना तुला घाबरवायचं नव्हतं.

बाबांना काचबिंदू होता, हे तुला माहीत आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही. समोरचं शेवटपर्यंत स्पष्ट दिसतं, म्हणून तक्ता वाचता येतो. कडेचं आधी जातं. आणि जिथलं जातं तिथे काळं दिसत नाही, तिथे काहीच नाही असं वाटतं, म्हणून माणसाला गेलेलं कळत नाही. तो कप पाडतो आणि स्वतःला धांदरट म्हणतो.

हा आजार भावंडांत येऊ शकतो. तुला आहे असं मी म्हणत नाही. तपासून घे, एवढंच म्हणते. चष्म्याच्या दुकानात नाही, डोळ्यांच्या दवाखान्यात. दाब मोजायला सांग आणि कडेची नजर तपासायला सांग.

त्याआधी घरी एक करून बघ. खुर्चीत बस, उजवा डोळा हाताने झाक आणि समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहा. काकांना डावीकडून, तुझ्या मागून चमचा हळूहळू पुढे आणायला सांग. दिसला की बोल. मग तसंच तू काकांवर कर आणि फरक बघ.

तपासणी होईपर्यंत बस चालवू नकोस. लोक डावीकडूनच चढतात.

भाची


२ एप्रिल

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण राग उतरायची वाट बघत होते. तो उतरला नाही, तेव्हा तसंच लिहिते.

मी पत्रं भाचीला लिहिली होती, प्रयोगशाळेला नाही. तू मला तुझ्या त्या गेजसारखं बाकावर लावलंस. मी आपली हसत हसत कप कुठे, तांब्या कुठे सांगत बसले, आणि तू तिकडे काटा बघत होतीस. विचारायचं तर सरळ विचारायचं होतंस.

दादाला झालं, सिमिलर्ली मला? तुझ्याच नियमात हे बसत नाही. दादाला साखर होती, मला नाही. दादा दिवसभर रेडिओ उघडून बारीक तारांत डोळे घालून बसायचा, मी आयुष्यभर लांबचं बघितलंय. आणि गाडी चालवू नको म्हणणं तुला सोपं आहे. स्टिअरिंग गेलं तर माझं काय उरतं, हे तू कुठल्या तबकडीवर मोजणार आहेस? दवाखान्याच्या कागदावर एकदा तसं काही लिहिलं गेलं की डेपो दुसऱ्या दिवशी चावी काढून घेईल. या मार्गावर मी पहिली बाई ड्रायव्हर. लोक हात करतात मला.

चमचा वगैरे काही केलं नाही.

आत्या


९ एप्रिल

प्रिय आत्या,

सरळ विचारायला हवं होतं, हे तुझं बरोबर. मला सरळ विचारता येत नाही. यंत्रांना विचारायची सवय आहे, ती उलट रागावत नाहीत.

बाकीच्याचं उत्तर देते. बाबांना झालं म्हणून तुला होईलच, असं नाही. हे मी मागच्या पत्रातही लिहिलं आहे. पहिलं गेज बिघडलं निघालं म्हणून दुसऱ्यावर "सिमिलर्ली" लिहून त्याला भंगारात टाकता येत नाही. पण म्हणून त्यावर "ठीक" असंही लिहिता येत नाही. ते बाकावर लावावंच लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे.

आता दोन गोष्टी सांगते. दोन्ही मी कुणाला सांगितलेल्या नाहीत.

बाबांच्या डोळ्यांचं कळलं तेव्हा मी कॉलेजच्या वसतिगृहात होते. डॉक्टरांनी मला त्यांच्या नजरेचा नकाशा दाखवला. डावी बाजू सगळी काळी होती. ही किती जुनी असेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, बरीच वर्षं. आमच्या जेवणाच्या टेबलावर माझी खुर्ची बाबांच्या डावीकडे असायची, तुला आठवत असेल. शाळेत असताना मी रोज काहीतरी करून त्यांच्यासमोर धरायचे, वायर जोडलेला दिवा, कागदाचा पूल. म्हणजे मला वाटायचं, समोर धरते. ते बघायचे नाहीत. जेवत राहायचे. मग मी धरणं सोडलं, नंतर बोलणंही कमी केलं. तू ज्याला हं म्हणतेस, ते तिथून सुरू झालं. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले असते, तर कदाचित वेगळं झालं असतं. पण कळलं तोवर एकत्र जेवायचे दिवस संपले होते.

दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी मी माझे डोळे तपासून घेतले. दाब वाढलेला निघाला. नस शाबूत आहे, नजर पूर्ण आहे. रोज झोपण्याआधी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकते. तेवढ्याने दाब खाली राहतो. कदाचित कायमचा निभावेल. तू काळजी करत बसशील म्हणून सांगितलं नाही. आता वाटतं, सांगितलं असतं तर तू आधीच तपासलं असतंस.

स्टिअरिंगचं मोजायला माझ्याकडे काही नाही. ते खरंच आहे. पण तुला हात करणारे लोक डावीकडे उभे असतात, आत्या.

भाची


२६ एप्रिल

माझ्या पोरी,

चमचा केला.

तुझं पत्र वाचून झालं. मग काकांना हाक मारली. ते म्हणाले, मालिका संपू दे. मी म्हटलं, टीव्ही बंद करा आणि चमचा आणा. घाबरून त्यांनी डाव आणला! मी खुर्चीत बसले, उजवा डोळा झाकला, खिळ्याकडे बघत राहिले. थांबले. थांबले. शेवटी वैतागून म्हटलं, "अहो, आणताय की नाही? का तसेच गेलात पुन्हा टीव्हीकडे?"

तर अगदी कानाशी त्यांचा आवाज आला, "अगं, केव्हाचा धरलाय! हलवतोय तुझ्या डोळ्यापुढे!"

मान वळवली, तर डाव नाकापासून वीतभर अंतरावर होता.

मग ते बसले आणि मी डाव धरला. मी मागून हात काढते न काढते तोच म्हणाले, दिसला. पुन्हा केलं, पुन्हा दिसला. त्यांनी डाव नेऊन जागेवर ठेवला, चहा केला आणि कप माझ्या उजव्या हाताला ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने एवढं मोठं बोलून दाखवलेलं मला आठवत नाही.

सकाळी डेपोत जाऊन चावी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरकडे त्यानंतर गेले. उलटं केलं असतं तर मधल्या चार फेऱ्या मारल्या असत्या, मला माझा स्वभाव माहीत आहे. मॅनेजर म्हणाले, कागद आल्यावर बघू, आज गाडी घ्या. मी म्हटलं, साहेब, काल डोळ्यापुढे डाव हलत होता तो मला दिसला नाही, तुमची बस आज दुसऱ्याला द्या.

दवाखान्यात एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालायला लावलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं, मशीन बिघडलंय, मध्येमध्ये काही चमकतच नाही. तिथली मुलगी म्हणाली, मावशी, चमकतंय. डाव्या डोळ्याचं बरंच गेलंय. उजव्याचं नाकाच्या बाजूने सुरू झालंय. गेलेलं परत येणार नाही, आहे ते थेंबांनी राखायचं. बस नाही. हे डॉक्टरांनी सांगायच्या आधी मीच म्हटलं, त्यांना जड जाऊ नये म्हणून.

रडले. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. पण आता तुला एक सांगायचं आहे, त्यासाठीच हे पत्र.

सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे तेव्हा जेवायला बसलं की दादा मला हळूच विचारायचा, "पोरगी आली का गं जेवायला?" आणि तू त्याच्या शेजारीच बसलेली असायचीस. मला वाटायचं, चेष्टा करतोय, तुला चिडवतोय. मी म्हणायचे, आली आली, ही काय. मग तो मान पूर्ण फिरवून बघायचा, कोंबडी बघते तशी, आणि हसायचा. तोवर तुझी मान ताटात असायची. एकदा नाही, दरवेळी विचारायचा. तो तुला शोधायचा गं. मला तेव्हा कळलं नाही. परवा डाव दिसला नाही, तेव्हा कळलं.

आत्या


३ मे

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. शेवटचा भाग पुन्हा पुन्हा वाचला. त्यावर काय लिहायचं ते अजून सापडलेलं नाही. सापडलं की लिहीन. हे हं नाही.

थेंब टाकताना खालची पापणी ओढून खिसा करायचा, थेंब त्यात टाकायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. नाहीतर औषध घशात उतरतं आणि तोंड कडू होतं. बाटली डोळ्याला टेकवू नकोस. विसरायला होतं, म्हणून मी बाटली दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवते.

कंट्रोलरच्या परीक्षेचा अर्ज केलास का? सरळ विचारते आहे.

भाची


१९ मे

फूटपट्टी,

अर्ज केला. परीक्षा पुढच्या महिन्यात. नापास झाले तर स्टोअरमध्ये टायर मोजायला बसवतील, म्हणून घासून अभ्यास करते. वायरलेसच्या खोलीत एकदा बसवून बघितलं. भिंतीवर सगळ्या मार्गांचा मोठा नकाशा आहे. तो मला बघावाच लागत नाही, सगळी वळणं हातात आहेत. तीन नंबर कुठे तापून उभी राहील, हे मी ड्रायव्हरच्या आधी सांगते. तरी खिडकीतून माझी बस फाटकाबाहेर पडताना दिसते, तेव्हा पाय आपोआप क्लचवर जातो. तिथे क्लच नाही, कचऱ्याची टोपली आहे. तीनदा आडवी केली.

शेजारणीला आणि वॉचमनला सांगून टाकलं, की उजवीकडून या, नाहीतर हाक मारा. वॉचमनने खुर्चीच उचलून फाटकाच्या दुसऱ्या अंगाला नेली.

बाईंनी उजळणी घेतली. सगळे जुने शब्द पुन्हा. मी सिमिलर्लीचं नवीन वाक्य केलं, तुझ्या प्रयोगशाळेची बंदी मोडून:

माझी भाची लांबच्या गावात राहते आणि झोपण्याआधी डोळ्यांत थेंब टाकते. सिमिलर्ली, मीही.

बाई म्हणाल्या, बरोबर. पण तुमच्या भाचीच्या नियमाने दोन्हींत सारखं काय? थेंब?

मी म्हटलं, छे. तिची बाटली वेगळी, माझी वेगळी. तिची नजर पूर्ण, माझी अर्धी. तिची नस शाबूत, माझी नाही. यातलं काहीच सारखं नाही. सारखं एवढंच की आता रोज रात्री एकीला दुसरीची आठवण होते आणि वाटतं, हिने टाकला असेल ना?

बाईंनी विचार करून सांगितलं, हे एका शब्दात बसत नाही, पण चालेल.

तर, टाकलास का?

आत्या


२४ मे

टाकला. तू?